जित्या माणसाचा फ्लेक्स

फाट्यावरच्या लिंबाशेजारी एक लोखंडी चौकट उभी आहे. तिच्यावर बारा महिने कुणी ना कुणी हसत असतं. कधी वाढदिवसाचा दादा, कधी सोसायटीचा नवा चेअरमन, कधी फौजेतून रिटायर होऊन आलेला जवान. वर नेत्यांची गोल गोल डोकी, मधे गॉगल लावलेला उत्सवमूर्ती, खाली शुभेच्छुकांची दाटी. एक उतरला की दुसरा चढतो. उतरलेला वाया जात नाही. कुणाच्या कडब्याच्या गंजीवर जातो, कुणाच्या शेरडांच्या छपरावर, आणि पावसाळाभर दादा तिथंच भिजत हसत राहतो.

विजयमाला कवठे महांकाळच्या त्या बाजूच्या हायस्कुलात चित्रकलेची बाई म्हणून आली ती साताऱ्याकडून. माहेर कोरेगावचं, उसाच्या मळ्यातलं. भाऊ फौजेत. नोकरी लागायच्या आधी साताऱ्यातल्या एका दुकानात बसून ती असलेच फ्लेक्स करायची. कुणाचं डोकं कुणाच्या डोक्यापेक्षा नखभर मोठं झालं की कुठल्या गावात तोंडं फिरतील, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. त्या कामाचा तिला कंटाळा आला होता. या कोरड्या मुलखात, जिथं नजरेला अडवायला उसाचं एक पान नाही, तिथं तिला उलट बरं वाटलं. मोकळं रान बघून डोळे धुतल्यासारखे झाले.

शाळेला संगणक मिळाले होते आणि ते कापडाखाली झाकून ठेवलेले होते. विजयमालानं कापडं काढली आणि नववीच्या पोरापोरींना शाळा सुटल्यावर बसवायला सुरुवात केली. सांगितलं एवढंच, की गावाला जे सांगावंसं वाटतं ते चित्रातून सांगायचं. आधी कागदावर, मग संगणकावर. जे चांगलं होईल ते छापून फाट्यावर लावायचं.

पहिल्या आठवड्यात साईराजनं पाणी वाचवा असा फ्लेक्स करून आणला. त्यात पाणी शोधावं लागत होतं. वर पाच नेते, मधे साईराज स्वतः मोटरसायकलला टेकून, खाली वर्गातली झाडून सगळी पोरं शुभेच्छुक म्हणून. विजयमालानं शांतपणे विचारलं, की यात वाचवायचं कुणाला आहे. वर्ग हसला. साईराजही हसला, आणि म्हणाला, "बाई, माणसं न्हाई टाकली तर बघनार कोन?"

तिथून तिनं खुरपणी सुरू केली. एकेक डोकं काढायला लावलं. रंगाच्या झालरी काढल्या, चमकत्या चांदण्या काढल्या, अक्षरांभोवतीची आग विझवली. पोरांचा जीव तुटायचा. ती म्हणायची, रानात सगळंच उगवू दिलं तर जोंधळा कुठं दिसतो. एक चेहरा, एक गोष्ट, आणि बाकी मोकळं सोडा. मोकळ्या जागेत बघणाऱ्याचं मन शिरतं. बायकांची नावं मोठी लिहा, असंही तिनं सांगितलं, कारण गावात बायकांची नावं कुठंच मोठी लिहिलेली नसतात. पोरांनी सगळं ऐकलं. ही पोरं ऐकणारी होती.

अपेक्षा मागच्या बाकावरची. बोलायची कमी, बघायची जास्त. तिचं घर धनगरवस्तीवर. दिवाळी झाली की तिचे आईबाप मेंढरं घेऊन कृष्णेच्या काठानं वर वर सरकायचे, ऊस तुटलेल्या रानांत मेंढरं बसवत साताऱ्याकडं जायचे, आणि पावसाच्या अंदाजानं परत यायचे. विजयमालाला ती मेंढरं लहानपणापासून ठाऊक. तिच्या वडिलांच्या, हंबीररावांच्या मळ्यात ती रात्रीची बसायची आणि सकाळी रानभर लेंड्यांचा काळा सडा पडलेला असायचा. अपेक्षाचा बाप बाळासो कोरेगावकडंच असतो हे कळल्यावर तिनं वडिलांना फोन केला होता, आणि यंदा बाळासोची मेंढरं तिच्याच माहेरच्या रानात बसली होती. त्यामुळं या मुलीशी तिचं एक न बोललेलं नातं जुळलं होतं.

आईबाप वाटेवर, म्हणून अपेक्षाला वाढवलं ते आत्यानं. बयाबाई तिचं नाव. बाळासोची थोरली बहीण, नवरा वारल्यावर माहेरी येऊन राहिलेली. अंगानं काटकुळी, आवाजानं दणकट. शेरडं राखायची, भाकरी थापायची, पोरीची वेणी घालायची आणि दिवसभरात घटकेघटकेला कंबरेची डबी काढून मिसरी लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, हातावर चुरायची, बोटानं दातांना चोळायची. वस्तीवरच्या सगळ्याच बायका लावतात. सकाळी मिसरी लावल्याशिवाय डोळं उघडत नाहीत म्हणतात, आणि लावून ओट्यावर बसल्या की त्यांच्या गप्पांना धार चढते.

पण संक्रांतीनंतर कधीतरी अपेक्षाच्या लक्षात आलं, की आत्या ठेच्याला हात लावत नाही. भाकरी दुधात कुस्करून गिळते. जांभई देताना तोंड अर्ध्यातच मिटते. एकदा अपेक्षानं मोबाईलच्या उजेडात बळंच तोंड बघितलं, तर गालाच्या आतून पांढरा चट्टा. शाळेत तंबाखूची माहिती द्यायला आलेल्या नर्सबाईंनी असल्याच चट्ट्याचं चित्र दाखवलेलं होतं. वेळेत दाखवलं तर निभावतं, असंही म्हणाल्या होत्या. त्या दिवसापासून पोरीच्या डोक्यात एकच होतं. आत्याला सांगलीला न्यायचं.

आत्या जाईना. अपेक्षानं रडून बघितलं, जेवण सोडून बघितलं. मग विजयमाला स्वतः वस्तीवर गेली. बयाबाईनं तिला घोंगडं अंथरून बसवलं, चहा दिला, हंबीररावांच्या मळ्याची चौकशी केली. दवाखान्याचा विषय निघाल्यावर मात्र ती उठून शेरडाला पाला घालायला लागली. पाठमोरीच बोलली.

"आमच्या धन्याचं पोट दुखत हुतं, बाई. चालत गेलं सांगलीला. पांढऱ्या गाडीतनं आलं. तिथं बघत्यात, आनि बघितलं की निघतंच. न बघितलेलं आपलं बरं असतंय."

विजयमालानं नर्सबाईंचं सगळं सांगितलं. बयाबाई व्हय व्हय म्हणत राहिली, आणि शेवटी म्हणाली की मरणाला ती भीत नाही, सांगलीला भिते.

म्हणून अपेक्षानं फ्लेक्स केला. जे तोंडानं पटत नव्हतं ते तिनं चित्रावर सोपवलं. आत्या गावासमोर लाजून तरी जाईल, नाहीतर गाव तरी तिला ढकलेल, असा तिचा हिशेब. आत्याचा तिनं स्वतः काढलेला फोटो घेतला. डोक्यावर पदर, समोर नजर, ओठ मिटलेले, त्यांच्या कडेला मिसरीची काळी रेघ. मिसरीचा काळा रंग उठून दिसावा म्हणून फोटोतला बाकीचा रंग काढून टाकला. मागं करडी मोकळी जागा सोडली, भरपूर. वर मोठ्या अक्षरांत बयाबाई. खाली बारीक अक्षरांत: माझी आत्या. मिसरी लावते. हिच्या तोंडात एकदा कुणीतरी बघा.

विजयमाला त्या पडद्यासमोर बराच वेळ उभी राहिली. साताऱ्यातल्या त्या दुकानात तिच्या हातून एवढं नेमकं काही झालं नव्हतं. तिनं फक्त विचारलं, आत्याला दाखवलंस का. अपेक्षानं दाखवलं होतं, वाचूनही दाखवलं होतं. आत्या पदराआड हसली होती. म्हणाली होती, "लाव की. बाप्यांची थोबाडं बघून बघून त्यो लिंब बी वाळायला लागलाय. बघू देत लोकास्नी. मी तोंड उघडलं तर न्हवं."

गुरुवारी संध्याकाळी पोरांनी फ्लेक्स चौकटीवर ताणून बांधला. विजयमालानं खालून बघून एक कोपरा सरळ करायला लावला आणि ती खोलीवर गेली. ती गेल्यावर साईराजला वाटलं, की एवढा चांगला फ्लेक्स लागला आणि काहीच केलं नाही, हे बरं दिसत नाही. त्यांच्याकडं नवीन काही आलं की नारळ फुटतो आणि हार चढतो. ट्रॅक्टर असो, बोअर असो, नाहीतर शाळेतले संगणक असोत. नारळ काही मिळाला नाही. झेंडूचा एक चांगला जाडजूड हार त्यानं घरातून आणला, चौकटीवर चढला आणि आत्याच्या फोटोला घातला. खाली उतरून त्यानं हात जोडले, मोबाईलवर फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला.

सकाळी विजयमाला अंगण झाडत होती, तेव्हा अपेक्षा धावत आली. तिला दम लागला होता, आणि चेहऱ्यावर रडू होतं की हसू ते कळत नव्हतं. तिनं मोबाईल पुढं केला. करडा फोटो, मोठं नाव, गळ्यात झेंडू. खाली जोडलेल्या हातांची रांगच लागली होती. भावपूर्ण श्रद्धांजली. वस्तीची माउली हरपली. कधी झालं? माती किती वाजता?

विजयमाला तिथंच पायरीवर बसली.

तिला सगळं एकदम दिसलं, आणि आपल्याला ते आधी कसं दिसलं नाही याचं नवल वाटलं. साताऱ्यात बसून तिनं एकट्या चेहऱ्याचे, करड्या मोकळ्या जागेचे फ्लेक्स केले होते की. केले होते ते दहाव्याचे. त्या चौकटीवर पुरुष वाढदिवसाला चढतो, निवडून आल्यावर चढतो, फौजेतून आल्यावर चढतो. बाई तिथं एकटी चढते ती मेल्यावरच. मोकळी जागा सोड म्हणून तिनं पोरीला शिकवलं होतं, आणि गावानं त्या मोकळ्या जागेत शिरून आपल्या सवयीचंच वाचलं होतं. बारीक अक्षरांपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. मोटरसायकलवरनं जाणारा माणूस हार बघतो, हात कपाळाला लावतो आणि पुढं जातो.

हार साईराजचा हे कळल्यावर तिला रागही धरता येईना. त्यानं मान म्हणून घातला होता.

दोघी वस्तीकडं निघाल्या. वाटेत विजयमालानं कोरेगावला फोन लावून वडिलांना सांगितलं, की बाळासोच्या कानावर काही गेलं असेल तर त्याला आधी गाठा आणि बहीण धडधाकट आहे म्हणून सांगा. हंबीरराव म्हणाले, उशीर झालाय, तो मघाशीच मेंढरं बायकोवर टाकून स्टँडकडं पळालाय. मग स्वतःच मोटरसायकल काढून त्याच्या मागं गेले.

वस्तीवर बयाबाई शेरडू पिळत होती. कुणी मेलंय, आणि ते आपणच, हे तिला कळलेलं नव्हतं. अपेक्षानं सांगायला तोंड उघडलं तोवर फाट्याकडून टेम्पो वळला. मागं उभ्या बायका, पुढं फेटेवाले पुरुष. सीमेकडच्या गावाहून आले होते ते, बयाबाईच्या सासरचे; ग्रुपवरचा फोटो रातोरात तिथवर पोचला होता. दीर बिराप्पा आणि त्याची बायको दगडाबाई.

या दगडाबाईचं आणि बयाबाईचं बोलणं बंद होऊन दगडाबाईच्या पोरांची लग्नं होऊन गेली होती. वाटणीत एक पितळेची घागर होती. बयाबाई म्हणायची ती सासूनं मला दिली, दगडाबाई म्हणायची ती घराची. घागर दगडाबाईकडं राहिली आणि बयाबाई माहेरी आली. त्यानंतर दोघी एका लग्नात समोर आल्या तरी एकीनं दुसरीच्या सावलीलाही ओळख दाखवली नव्हती.

आता ती दगडाबाई टेम्पोतून उतरता उतरता कपाळ बडवत होती. बायकांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. गोठ्याच्या कुडाआड बसलेली बयाबाई दिसत नव्हती, आणि रडणाऱ्या बाईला समोरचं तसंही दिसत नाही. दगडाबाईनं उंबऱ्यावर बसून सूर धरला. त्या बाजूच्या बायका रडतात ती ओवीच असते. गेलेल्याचं जे जे चांगलं, ते सुरात मांडलं जातं, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

*जाऊ न्हवं गं बया, माझ्या पाठीची सावली*
*बाळंतपनात माझ्या, रात उभ्यानं काढली*

कुडाआड बयाबाईचे हात थांबले. विजयमाला पुढं होऊन सांगणार होती. बयाबाईनं तिला हातानंच थोपवलं. अपेक्षालाही. शेरडाची मान मांडीशी धरून ती ऐकत बसली.

*घागर पितळंची, हुती तुझ्याच गं मानाची*
*मीच दाबून ठिवली, आता तहान कुनाची*

सोबतच्या बायकांनी हुंदके दिले. बिराप्पानं फेटा काढून डोळ्याला लावला. विजयमालानं बयाबाईकडं बघितलं. तिच्या गालावरनं पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मग ती उठली, दुधाचं भांडं हातात घेऊन कुडाबाहेर आली आणि उंबऱ्यासमोर उभी राहिली.

"दगडे," ती म्हणाली, "घागर माझी हुती, हे जित्तेपनी म्हनायला तुझी जीभ झडत हुती व्हय गं?"

पुढचा थोडा वेळ कुणालाच नीट सांगता आला नसता. एक म्हातारी पळाली. बिराप्पा खाली बसला. दगडाबाईनं वर बघितलं. मग तिनं जावेच्या पायाला हात लावून बघितला, उलटा नाही ना म्हणून. पाय सुलटा होता. तेव्हा तिनं त्याच पायाला मिठी मारली आणि पुन्हा रडायला लागली. या वेळी सुरात नाही, कसंही. बयाबाईनं दुधाचं भांडं अपेक्षाच्या हातात दिलं, दगडाबाईच्या डोक्यावर दोन टपल्या मारल्या आणि तिच्याशेजारी बसली. तेवढ्यात फोन वाजला. बाळासो होता. बोलता येत नव्हतं त्याला, नुसतं ताई ताई चाललं होतं. बयाबाई म्हणाली, "आरं मीच बोलतीया गड्या. गेलेलं मानूस फोन उचलतंय व्हय? जा, मेंढराकडं जा."

मग चहा झाला. फ्लेक्स कसा लागला, हार कसा चढला, विजयमालानं सगळं सांगितलं आणि चूक माझी म्हणाली. कुणी तिला बोललं नाही. बिराप्पानं मात्र विचारलं, की बारीक अक्षरात लिहिलं काय होतं. अपेक्षानं वाचून दाखवलं. माझी आत्या. मिसरी लावते. हिच्या तोंडात एकदा कुणीतरी बघा.

दगडाबाईनं जावेची हनुवटी धरली. "उघड तोंड," म्हणाली.

बयाबाईनं मान फिरवली. पण दगडाबाई सोडणाऱ्यांतली नव्हती. घागर इतकी वर्षं धरून बसलेली बाई ती, हनुवटी काय सोडते. बयाबाईनं तोंड उघडलं, दोन बोटं मावतील एवढंच. दगडाबाईनं आत बघितलं. हात खाली घेतला आणि पदरानं पुसला.

विजयमालाला वाटलं, आता बोलावं. अपेक्षानं तिच्याकडं बघितलं, तिलाही तेच वाटत असावं. पण दोघींच्या आधी बयाबाईच बोलली. दगडाबाईशी नाही, अपेक्षाशी नाही, कुडाकडं बघत.

"सांगलीला भ्यायची मी. का, तर गेलं तर परत ह्ये सगळं हुनार. बाया येनार, रडनार. आता त्ये झालंय की. मला रडून झालंय सगळ्यांचं. चांगलं रडलीस दगडे, खोटं कशाला बोलू." ती थांबली. "मग आता भ्यायचं राहिलं काय?"

अपेक्षा पुढं आली आणि आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून तशीच राहिली.

बिराप्पा उठला आणि म्हणाला, गाडी दारात उभी हाय, माती द्यायला आलोय ते मोकळं कशाला जायचं, सांगलीलाच जाऊ. लोकांनी मान हलवली. माणसं कामाला आली होती, त्यांना काम पाहिजे होतं. बयाबाई लुगडं बदलून आली. टेम्पोत चढताना तिनं एक अट घातली. ती तोंड उघडेल, पण दगडीनंही उघडायचं. तीही मिसरी लावते, ती काय कमी लावते का. दगडाबाईच्या तोंडाचा रंग बदलला. ती म्हणाली, मला काय झालंय, मला ठेचा चालतोय. पण बाकीच्या बायका तोवर हसायला लागल्या होत्या, आणि हसणाऱ्या बायकांच्या गराड्यात मागं सरकायला जागा नसते.

विजयमाला आणि अपेक्षाही चढल्या, आणि टेम्पो फाट्यावरनं गेला. चौकटीखाली साईराज शिडी लावून हार काढत होता. विजयमालानंच त्याला तसा निरोप धाडला होता. त्यानं टेम्पोत बयाबाईला बघितलं आणि कान धरले. बयाबाई ओरडून म्हणाली, हार टाकू नको, शेरडाला घाल.

सांगलीच्या सरकारी दवाखान्यात तोंड तपासायच्या रांगेत टेम्पोभर बायका एकदम बसलेल्या बघून आतली डॉक्टरीणबाई बाहेर डोकावून गेली. वयानं लहान होती, चिपळूणकडची असावी बोलण्यावरनं. बयाबाईला तिनं खुर्चीत बसवलं, टॉर्च धरला आणि कुणाची लेक, किती शेरडं, असलंच विचारत राहिली. बयाबाई उत्तरं द्यायला तोंड उघडायची तेवढ्यात ती बघून घ्यायची. विजयमाला दारात उभी होती. तिला ती युक्ती आवडली. गालातला एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, असं डॉक्टरीणबाईनं सांगितलं, आणि त्याचा निकाल येईपर्यंत काहीच ठरवू नका म्हणाली. बयाबाईनं अपेक्षाचा हात धरला. तुकडा काढताना ती हलली नाही. हात मात्र असा आवळला की पोरीच्या बोटांवर वळ उठले.

मग दगडाबाई. ती खांबाआड जाऊन उभी होती. बयाबाईनं गालात कापूस धरूनच तिला दंडाला धरून आणली. दगडाबाईचं तोंड ठीक निघालं, नुसती हिरडी सुजलेली. तिसऱ्या बाईच्या तोंडातही चट्टा निघाला, लहानसा. ती बाई आली होती ती फक्त रडायला. बिराप्पा टेम्पोला टेकून तंबाखू मळत होता. बाप्यांचं बी बघत्यात व्हय, असं त्यानं विचारलं आणि उत्तर यायच्या आत मळलेली चिमूट पायाखाली सोडली.

शाळेत मुख्याध्यापक नाराज होते. पुढचा फ्लेक्स आधी दाखवल्याशिवाय लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं, आणि विजयमालाला ते पटलंही. वर्गात तिनं आपलं चुकलं कुठं ते फळ्यावर काढून दाखवलं. बघणाऱ्याच्या डोळ्यात आधीच एक चित्र असतं, ते विचारात घेतल्याशिवाय नवं काढायचं नाही, असं ती म्हणाली. साईराजनं विचारलं, मग जितं माणूस जितं दिसायला काय करायचं. त्यावर पोरं तास संपेपर्यंत भांडली. रंग पाहिजे म्हणाली, हसू पाहिजे म्हणाली. अपेक्षा शेवटी उठून म्हणाली, मेलेलं माणूस काम करत नाही. कामात असताना काढायचा फोटो. त्या आठवड्यात पोरं वस्तीवर फिरली. पाला तोडणाऱ्या, पाणी ओढणाऱ्या, शेरडाला शिव्या घालणाऱ्या बायका त्यांनी काढून आणल्या, आणि प्रत्येकीच्या तोंडापाशी सांगलीच्या दवाखान्यातल्या तोंडतपासणीचा वार लिहिला. हार घालायचा नाही, हे साईराजनं स्वतःच्या हातानं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं.

निकाल आणायला अपेक्षा आणि बयाबाई दोघीच एसटीनं गेल्या. संध्याकाळी अपेक्षा विजयमालाच्या दारात आली, चप्पल न काढता उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगितलं. वाईट झालेलं नाही अजून, पण वाट तिकडंच जात होती. मिसरी आजपासून बंद. दर काही दिवसांनी येऊन दाखवायचं, तोंड उघडायचे व्यायाम करायचे. सोडली नाही तर काही सांगता येणार नाही, असं डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाली. आणि आत्यानं तिथंच खिडकीतून डबी फेकली, खाली एका रिक्षावाल्याच्या टपावर पडली, तो वर बघून ओरडला. एवढं सांगून पोर रडली. विजयमालानं तिला आत घेतलं.

मिसरी सुटणं ही एका दिवसाची गोष्ट नव्हती. बयाबाईचा हात कंबरेकडं जायचा आणि रिकामा परत यायचा. ती चिडायची, शेरडांवर ओरडायची, बडीशेप चावायची आणि थुंकायची. वस्तीवरच्या ओट्यावर बायका मिसरी लावायला बसल्या की ती उठून रानात जायची. एकदोनदा विजयमाला गेली तेव्हा ती झाडाखाली एकटीच बोटानं दात चोळत बसलेली दिसली, नुसत्या बोटानं, काही न लावता.

पण रोज दिवस उजाडला की तिच्या घरातला फोन वाजायचा. अपेक्षा वेणी घालून घेत बसलेली असायची, तिला दोन्हीकडचं ऐकू यायचं. पलीकडून दगडाबाई, सीमेकडच्या गावातून.

"लावलीस का गं?"

"न्हाई. तू?"

पलीकडनं आधी कोंबड्याचा आवाज यायचा, भांड्याचा यायचा.

"न्हाई."

"खोटं बोलतीस."

"उलीशी लावली. मघाशी."

"मग उद्या नको लावू," बयाबाई म्हणायची, आणि पोरीच्या केसांतली गाठ ओढून काढायची.